धागा: 'टायर्ड' म्हणजे थकलेला की कंटाळलेला?

बर्डीवाला (धागाकर्ता):
मंडळी, 'टायर्ड' हा शब्द पोरं प्राथमिक शाळेत शिकतात आणि बारावीपर्यंत चुकीचा वापरतात. मराठी माध्यमाच्या मुलांच्या वह्यांत हमखास सापडणारी ही चार वाक्यं पाहा. म्हणायचं काय होतं तेही शेजारी देतो.

'आय ॲम टायर्ड ऑफ वॉकिंग फ्रॉम बर्डी टू धरमपेठ.' (बर्डीवरून धरमपेठेपर्यंत चालून थकलो.)
'आय टायर्ड टुडे.' (आज मी थकलो.)
'धिस वर्क इज व्हेरी टायर्ड.' (हे काम फार थकवणारं आहे.)
'आय ॲम टू टायर्ड.' (मी खूप थकलोय.)

लाल रेघ मारणं सोपं आहे. का चुकलं, हे मुलाला पटेल अशा मराठीत सांगता यायला हवं. जाणकारांनी लिहावं.

झिरोमाईल:
पहिलं वाक्य व्याकरणाने चुकलेलंच नाही, म्हणून चौघांत तेच सगळ्यात घातक. ऐकणाऱ्याला ते बरोबर वाटतं, पण अर्थ भलताच पोचतो: 'बर्डी ते धरमपेठ चालायचा मला वीट आलाय.'

मराठीत शरीराचं खातं वेगळं आणि मनाचं वेगळं. शरीर थकतं, दमतं, शिणतं. मन कंटाळतं, विटतं, उबगतं. इंग्रजीने दोन्हींसाठी टायर्ड हा एकच शब्द ठेवला आणि फरक दाखवायचं काम पुढच्या इवल्याशा 'ऑफ'कडे दिलं. टायर्डच्या मागोमाग ऑफ आला की गोष्ट थकव्याची राहत नाही, कंटाळ्याची होते. थकव्याचं कारण सांगायचं असेल तर 'फ्रॉम' किंवा 'आफ्टर': टायर्ड फ्रॉम द वॉक, टायर्ड आफ्टर द जर्नी. 'बाय' चालतं, पण जरा पुस्तकी वाटतं. 'टायर्ड विथ' जुन्या लिखाणात भेटेल, आज लिहू नये.

मुलांना सांगायची युक्ती आपल्याच विभक्तीत आहे. आपण 'कामाने थकलो' म्हणतो, पण 'कामाला कंटाळलो' किंवा 'कामाचा कंटाळा आला' म्हणतो. तेव्हा मनात 'ने' आला तर फ्रॉम, 'ला' किंवा 'चा' आला तर ऑफ. कामाने थकलो: टायर्ड फ्रॉम वर्क. कामाला कंटाळलो: टायर्ड ऑफ वर्क. रजेच्या अर्जात हा घोटाळा झाला तर साहेबाला वाटणार, माणूस नोकरी सोडायच्या विचारात आहे. मुलाने तर दोन दिवस विश्रांती मागितली होती.

ऑफच्या पुढे एक तर नाम येईल किंवा आयएनजी लागलेलं रूप. 'टायर्ड ऑफ वेट' नाही, 'टायर्ड ऑफ टू वेट' तर मुळीच नाही. 'टायर्ड ऑफ वेटिंग'. 'वाट पाहण्याला कंटाळलो' यातला 'पाहण्याला' जसा क्रियापदाचं नाम होऊन बसतो, तसाच तो 'वेटिंग'.

फुटाळा_काठ:
ने-ला ची युक्ती उत्तम. फक्त मुलांना एक बजावून सांगा की 'चालून थकलो' यात 'ने' दिसत नाही. आधी 'चालण्याने थकलो' असं मोडून घ्यायचं, मग इंग्रजीकडे वळायचं. चूक होते ती या मधल्या पायरीवर.

दुसऱ्या वाक्याबद्दल. 'आय टायर्ड टुडे' लिहिणारं पोर अजिबात निष्काळजी नसतं, ते मराठीशी प्रामाणिक असतं. आपण आत्ताची अवस्था भूतकाळी रूपाने सांगतो. भूक आत्ता आहे, म्हणतो 'भूक लागली'. थकवा आत्ता आहे, म्हणतो 'थकलो'. पोर विचार करतं, 'लो' म्हणजे भूतकाळ, भूतकाळ म्हणजे ईडी, झालं 'आय टायर्ड'. त्याला सांगावं की इथला टायर्ड क्रियापद नाही, विशेषण आहे. त्याचा खरा मराठी जोडीदार 'थकलेला'. आता 'मी थकलेला' एवढ्यावर वाक्य पुरं होत नाही, 'आहे' लागतो. तो 'आहे' म्हणजे ॲम. कालची गोष्ट असेल तर 'होतो', म्हणजे वॉज.

टायर हे क्रियापदही आहेच, पण बोलण्यात कमी. 'हि टायर्स ईझिली', लवकर थकतो. 'द क्लाइंब टायर्ड मी', चढाने मला थकवलं. आणि नकारात फार सुंदर बसतं: 'शी नेव्हर टायर्स ऑफ टॉकिंग अबाउट हर स्टुडंट्स', विद्यार्थ्यांबद्दल कितीही बोलल्या तरी त्यांना कंटाळा येत नाही. इथेही ऑफ आलाच.

राजेहो:
एक सांगा भाऊ. आपल्या इकडे 'मी थकून राहिलो' म्हणतेत. पोट्टे त्याचं सरळ 'आय ॲम टायरिंग' करतेत. ते चुकीचं हाय का? कारण 'जाऊन राहिलो' म्हणजे 'आय ॲम गोइंग' होते, मंग हे काऊन नाही होत?

फुटाळा_काठ:
राजेहो, प्रश्न अगदी नेमका आहे. रूप चुकीचं नाही. जामठ्याच्या मैदानावर सामना चालू असताना समालोचक म्हणतो, 'द बोलर इज टायरिंग', म्हणजे गोलंदाज थकत चाललाय. हेच तुमचं थकून राहिला. पण टायरिंग हे विशेषणसुद्धा आहे आणि त्याचा अर्थ 'थकवणारा'. त्यामुळे 'शी इज टायरिंग' ऐकलं की ती थकतेय की दुसऱ्याला थकवतेय, हे कळायला आगामागचा संदर्भ लागतो. स्वतःबद्दल बोलताना हा धोका नको. 'थकून राहिलो' म्हणजे 'आय ॲम गेटिंग टायर्ड'. तुमच्या 'राहिलो'ला इथे 'गेटिंग' हा बरोबर जोड आहे. पुण्या-मुंबईकडच्या मुलाला हे समजवायला 'थकत चाललोय' म्हणावं लागतं, आपल्या पोरांना ते आयतं मिळालंय.

झिरोमाईल:
तिसरं वाक्य, ईडी आणि आयएनजी. मराठीत ही जोडी आहेच: थकणे आणि थकवणे. ज्याला वाटतं तो ईडी, ज्याच्यामुळे वाटतं तो आयएनजी. काम थकवतं म्हणून 'टायरिंग वर्क', माणूस थकतो म्हणून 'टायर्ड मॅन'. इंटरेस्टेड-इंटरेस्टिंग, कन्फ्यूज्ड-कन्फ्यूजिंग, बोअर्ड-बोअरिंग, सगळ्यांना हाच नियम. 'आय ॲम बोअरिंग' म्हणणारा मुलगा 'मी रटाळ माणूस आहे' असं सांगून बसतो. विदर्भातल्या खेड्यात तर बोरिंग म्हणजे हातपंप, म्हणून ही जोडी शिकवताना फळ्यावर 'टायर्ड-टायरिंग'च आधी लिहावी, बोअरिंग मागून.

'धिस वर्क इज टायर्ड'ची खरी अडचण वेगळी आहे. निर्जीव वस्तूला टायर्ड म्हणता येतं, पण मग अर्थ बदलतो. 'टायर्ड जोक' म्हणजे ऐकून ऐकून गुळगुळीत झालेला विनोद. 'टायर्ड एक्स्क्यूज', तीच ती सबब. हॉटेलच्या अभिप्रायात 'द रूम्स लुक टायर्ड' असं दिसलं तर रंग उडालेला, पडदे विटलेले, गादी बसलेली, असं समजायचं. म्हणजे त्या मुलाचं वाक्य एखाद्या चित्राबद्दल किंवा लेखाबद्दल असतं, तर ते 'यात नवं काहीच नाही' अशी टीका झालं असतं.

टायरसम वेगळा. टायरिंग काम कष्टाचं असतं, टायरसम काम डोकं उठवतं. गोरेवाड्याला लांब फेरी मारणं टायरिंग. एकाच दाखल्यासाठी पाच खिडक्या फिरणं टायरसम.

अजनी_लोको:
फटीगबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. आधी उच्चार. शेवटच्या 'जी-यू-ई' कडे पाहून मुलं फॅटिग्यू म्हणतात. तो 'फटीग', जोर 'टी'वर. लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला शब्द, म्हणून स्पेलिंगला तो शेपटा.

टायर्ड विशेषण आणि फटीग नाम, एवढा फरक पुरत नाही. फटीगमध्ये साठण्याचा अर्थ आहे. एका रात्रीच्या जागरणाने माणूस टायर्ड होतो. रात्रपाळ्यांवर रात्रपाळ्या पडल्या, झोप कधी भरूनच निघाली नाही, की होतो तो फटीग. रेल्वेत, विमानसेवेत ड्यूटीच्या तासांचे नियम बोलताना हाच शब्द येतो, कारण तिथे माणसाची लक्ष देण्याची ताकद हळूहळू उतरते आणि त्याचं त्यालाच ते कळत नाही.

धातूलाही हाच शब्द लागतो आणि तिथे तो उपमा म्हणून येत नाही, नेमकी संज्ञा म्हणून येतो. लोखंडाची तार एकदा वाकवली तर तुटत नाही. त्याच जागी पुढे-मागे वीस-तीस वेळा वाकवा, तुटते. ते वाकवणं टोकाचं आहे. यंत्रात भार त्याहून कितीतरी कमी असतो, एका झटक्यात काही बिघडवू शकणार नाही इतका, पण तो लाखो वेळा येतो आणि जातो. त्यातून आधी केसाएवढी चीर पडते, ती वाढते आणि मग एक दिवस भाग अचानक तुटतो. रेल्वेचे आस, म्हणजे दोन चाकं जोडणारे दांडे, असेच तुटायचे. जर्मनीत ऑगस्ट व्होलर या रेल्वे अभियंत्याने १८५० आणि १८६०च्या दशकांत आसांवर पुन्हा पुन्हा भार देऊन याचा पद्धतशीर अभ्यास केला. १९५४मध्ये कॉमेट जातीची दोन जेट विमानं, एक जानेवारीत एल्बा बेटाजवळ आणि दुसरं एप्रिलमध्ये नेपल्सजवळ, हवेतच फुटली. तपासात विमानाचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून आतला दाब हजारो वेळा चढवला-उतरवला, तेव्हा खिडक्यांसारख्या कापांच्या कोपऱ्याशी चीर निघाली. मेटल फटीग हा शब्द त्यानंतर वर्तमानपत्रांतून सामान्य वाचकापर्यंत गेला.

मराठीत याला नुसता 'थकवा' म्हणू नये. थकवा झोपेने जातो. धातूला कितीही विश्रांती द्या, पडलेली चीर भरून येत नाही. 'शीण' मला जास्त जवळचा वाटतो, कारण शीण साचतो.

कामठी_रोड:
लष्करात फटीग म्हणजे लढाई किंवा कवायत सोडून जी अंगमेहनतीची कामं असतात ती: साफसफाई, सामान उचलणं, गवत काढणं. अशा तुकडीला फटीग पार्टी म्हणतात. कामठीच्या छावणीशी संबंध आलेल्या घरांत हा शब्द याच अर्थाने कानावर पडतो. अशा कामाचे कपडे ते 'फटीग्ज', कायम अनेकवचनी. बातमीत 'सोल्जर्स इन फटीग्ज' असेल तर सैनिक थकलेले नाहीत, साध्या लष्करी पोशाखात आहेत.

बर्डीवाला:
हे सगळं सोनं आहे. चौथं वाक्य राहिलं, 'टू टायर्ड'. आणि एक्झॉस्टेड कुठे वापरावा?

झिरोमाईल:
'टू' म्हणजे 'खूप' नव्हे, 'जरुरीपेक्षा जास्त'. आपल्याकडे 'टू गुड' म्हणायची सवय लागल्याने तो 'खूप'च्या जागी जाऊन बसलाय. 'टू टायर्ड' म्हटलं की ऐकणारा पुढच्या दुसऱ्या 'टू'ची (टी-ओ) वाट पाहतो: कशासाठी? 'आय ॲम टू टायर्ड टू कुक', इतकी थकलेय की स्वयंपाक होणार नाही. त्यात 'नॉट' कुठेच नाही, तरी नकार आहे. नुसतं खूप म्हणायचं तर 'व्हेरी टायर्ड', 'रिअली टायर्ड'. 'मच टायर्ड' नाही.

एक्झॉस्ट लॅटिन आहे: बाहेर उपसून काढणे. विहीर उपसून तळ लागावा तसं. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन हवा उपसतो, गाडीच्या एक्झॉस्टमधून धूर बाहेर पडतो, 'लीव्ह एक्झॉस्टेड' म्हणजे रजा शिल्लक नाही. सगळीकडे मूळ एकच. शब्दातच तळ गाठलेला असल्याने 'व्हेरी एक्झॉस्टेड' कानाला खटकतं. 'कम्प्लीटली' किंवा 'ॲब्सोल्यूटली' लावावं. आणि एक्झॉस्टिव्हशी गल्लत नको: 'एक्झॉस्टिव्ह लिस्ट' म्हणजे एकही बाब न सुटलेली यादी. ती वाचून थकायला झालं, तर ती एक्झॉस्टिंगसुद्धा आहे.

उच्चाराचंही इथेच सांगतो. ईडी दिसला की मुलं 'एड' म्हणतात, टायरेड, बोअरेड. आधी ट किंवा ड असेल तरच 'इड' वाजतो: एक्झॉस्टिड, नीडिड. बाकी ठिकाणी स्वतंत्र अक्षर होत नाही. म्हणून टायर्ड, बोअर्ड. इंग्लंडमध्ये बहुतेक लोक यातला र उच्चारत नाहीत, 'टायड'सारखं ऐकू येतं. आपण र म्हटला तर काही बिघडत नाही.

मेडिकल_चौक:
दवाखान्यात या शब्दांचा गोंधळ महागात पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. 'वीकनेस आहे' हे एकच वाक्य सगळ्या तक्रारींसाठी वापरलं जातं. इंग्रजीत वीकनेस म्हणजे स्नायूंत जोर नसणे: भांडं उचलत नाही, जिना चढताना मांडी साथ देत नाही. जोर आहे पण उत्साह नाही, थोड्या कामाने गळून जायला होतं, तर टायर्डनेस किंवा फटीग. झापड येते ती ड्राउझी. धाप लागते ती ब्रेथलेस. आपलं 'दमणं' इथे फसवतं, कारण दम म्हणजे श्वास. 'जिना चढून दमते' याचं भाषांतर 'गेट्स टायर्ड' केलं तर डॉक्टर रक्त तपासायचा विचार करतील. 'गेट्स ब्रेथलेस' म्हटलं तर आधी छाती तपासतील. मराठीत सांगतानाही 'दमते म्हणजे धाप लागते की अंग गळतं' हे वेगळं सांगावं. सोबत किती आठवड्यांपासून, झोपून उठल्यावर बरं वाटतं का, वजन उतरलंय का, हेही सांगावं. नुसत्या शब्दापेक्षा या तीन गोष्टींवर डॉक्टरांचा पुढचा विचार ठरतो.

आता आपल्या मे महिन्याबद्दल. 'हीट एक्झॉस्टशन' हे वैद्यकीय नाव आहे. त्याचं 'उन्हाचा थकवा' असं भाषांतर ऐकलं की लोक दुर्लक्ष करतात, थकवाच तर आहे, झोपला की जाईल. त्यात भरपूर घाम, चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पायात गोळे असं होतं. सावलीत आणून, कपडे सैल करून, अंग ओल्या फडक्याने पुसून, घोट घोट पाणी किंवा ओआरएस देतात. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यात पूर्ण ओतायचं, अर्धं नाही. अंगाचं तापमान ४० अंश सेल्सियसवर गेलं आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो हीट स्ट्रोक. तिथे १०८ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी मारून वारा घालायचा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जातं.

फुटाळा_काठ:
मेडिकल_चौक, खूप उपयोगी लिहिलंत ताई. टंकनात एक राहिलं: 'एक्झॉस्टशन' नाही, 'एक्झॉश्चन' वाचतात.

मेडिकल_चौक:
बरोबर, एक्झॉश्चन. धन्यवाद.

अजनी_लोको:
ऑफिसात हल्ली 'बर्नआउट' सर्रास म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात त्याची व्याख्या केली, पण आजार म्हणून नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणून. त्यात तीन गोष्टी आहेत: शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. वर सांगितलेले ने आणि ला, म्हणजे थकवा आणि कंटाळा, दोन्ही यात एकत्र आले आहेत.

कामठी_रोड:
स्पेलिंगचा घोळही लिहून ठेवा. चाकाचा टायर ब्रिटिश पद्धतीने 'टी-वाय-आर-ई', अमेरिकन पद्धतीने 'टी-आय-आर-ई'. थकण्याचा मात्र दोन्हीकडे आयनेच. दोघांचं नातं काही नाही. चाकाचा टायर 'अटायर', म्हणजे पोशाख, यावरून आला असं मानतात, चाकाला घातलेलं वस्त्र. थकण्याचा टायर जुन्या इंग्रजीतला, अर्थ कमी पडणे, थांबणे.

तसंच 'विअरी' म्हणजे थकलेला, लिखाणात शोभणारा शब्द. 'वेअरी' म्हणजे सावध. स्पेलिंगमध्ये एका 'ई'चा फरक. 'बी वेअरी ऑफ डॉग्ज' लिहायचं तिथे विअरी लिहिलं, तर कुत्र्यांचा कंटाळा करा असं होईल.

राजेहो:
आनखी एक. 'भाडं थकलं', 'हप्ते थकले' हे कसं म्हनाव? मोबाइलवरचं भाषांतर भलतंच देते.

झिरोमाईल:
तिथे टायर्ड चालतच नाही. 'द रेंट इज ओव्हरड्यू', किंवा 'दे आर इन अरिअर्स'. थकबाकी म्हणजे अरिअर्स. आपला 'थकणे' इथे 'मागे राहिला' या अर्थाने आहे.

बर्डीवाला:
मग हेही सांगा. एका निबंधात 'आजी आता थकली आहे' याचं 'माय ग्रँडमदर इज टायर्ड नाऊ' केलं आहे. व्याकरण बरोबर आहे. गुण कापावे का?

फुटाळा_काठ:
कापू नका, पण वाक्य बदलून द्या. ते वाक्य ऐकून इंग्रज माणूस म्हणेल, मग त्यांना जरा पडू द्या. इंग्रजीत टायर्ड म्हणजे बहुतेकदा झोप किंवा विश्रांती हवी आहे, आणि ती मिळाली की संपलं. आपलं 'आजी थकली' यात हात थरथरतात, आवाज बारीक झालाय, अंगणात उतरायचं तरी दाराची चौकट धरावी लागते, हे सगळं आलं. त्याला 'फ्रेल' शब्द आहे. 'माय ग्रँडमदर हॅज ग्रोन फ्रेल.' त्यातला 'हॅज ग्रोन' सोडू नका, हळूहळू होत गेलं ते त्यातच आहे.